चारशे बारा माणसांचं बिऱ्हाड

शुक्रवारी सकाळी मी इस्त्रीचे कपडे घालून कॉम्प्युटरसमोर बसले. घरातल्या घरात, कुणी बघणार नव्हतं, तरीही. चारशे बारा माणसांचं बिऱ्हाड त्या दिवशी माझ्या हातून एका घरातून दुसऱ्या घरात जाणार होतं, आणि अशा कामाला गबाळ्यासारखं बसायचं नाही, असं मी आठवडाभर आधीच ठरवलं होतं. दवाखान्यात रजा टाकली होती. तिथले कॉम्प्युटर सांभाळणं ही माझी नोकरी. चहा दोनदा केला आणि दोनदा प्यायचा विसरले, इतकी मी हरखून गेले होते.

ही चारशे बारा माणसं शिलाई मशीन दुरुस्त करणारी. कुठल्याकुठल्या गावांत आपापल्या टीचभर दुकानात बसलेली. एकवीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, या लोकांची ईमेलची यादी सुरू केली. यादीचं काम साधं आहे. एकच पत्ता, आणि त्या पत्त्यावर कुणीही पत्र टाकलं की ते सगळ्यांना जातं. कुणी विचारतं, दोरा खालून गोळा होतोय, काय करू? की दहा गावांहून दहा उत्तरं येतात, त्यातली निदान चार एकमेकांच्या उरावर बसलेली. तेलवाले काका म्हणून एक आहेत, त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तेल हेच औषध. बॉबिनबाई म्हणून एक आहेत, त्या तेलवाल्या काकांना गेली चौदा वर्षं चुकीचं ठरवत आहेत. दोघं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

यादी इतकी वर्षं एका कॉलेजच्या सर्व्हरवर बिनभाड्यानं राहत होती. आता कॉलेजनं कळवलं होतं की ते जुनं यंत्र शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार, कायमचं. त्याच्या पोटात एकवीस वर्षांची सगळी पत्रं होती, नव्वद हजारांच्या आसपास. ती पाचच्या आत नव्या सर्व्हरवर न्यायची, नाहीतर गेली. माझ्या घरच्या लाइननं उतरवून घ्यायला बसले असते तर तीन दिवस लागले असते. म्हणून जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर पाठवायची सोय केली होती.

आता यात माझं काय जात होतं ते सांगते. आप्पांचे कान गेले आहेत. गेल्या चार वर्षांत अगदी पूर्ण गेले. दुकान बंद झालं, ओळखीचे लोक यायचे थांबले. ओरडून ओरडून किती बोलणार? माझ्याशी त्यांचं बोलणं आता 'गोळी घेतली का' आणि 'दार लावून घे' एवढ्यावर आलेलं. मी विचारायचं, त्यांनी मान हलवायची. पण यादीवर हाच माणूस पानंच्या पानं लिहितो! एका बोटानं टाइप करतो आणि चेष्टा करतो, भांडतो, समजूत घालतो. खरं सांगायचं तर मला त्या चारशे बारा जणांचा हेवा वाटायचा. पण ती पत्रं गेली, यादी मोडली, तर आप्पा त्या खोलीत भिंतींकडे बघत बसतील हेही मला ठाऊक होतं.

यादीचे आप्पांनी घातलेले दोन नियम आहेत. पहिला, कुणाचंही पत्र उत्तराविना राहता कामा नये. दुसरं काही सुचत नसेल तर निदान 'पोचलं' एवढं तरी लिहायचं. दुसरा नियम नव्या माणसासाठी. आत यायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवायचं: आयुष्यात पहिलं मशीन उघडलंत, परत बसवलंत, तेव्हा हातात काय उरलं? कारण काहीतरी उरतंच. स्क्रू, वॉशर, स्प्रिंग. जो म्हणतो काही उरलं नाही, तो खोटं बोलतो, त्याला आप्पा घेत नाहीत. एकदा एका मोठ्या कारखान्याच्या माणसाला त्यांनी याच कारणानं दारातून परत पाठवलं होतं.

मी स्वतः यादीत नव्हते. सगळी देखभाल माझ्याकडे, पण सभासद नाही. आप्पा म्हणायचे, "पत्र लिही, घेतो." मी म्हणायचे, "मी नुसती हमाल, मला कशाला पत्र?" हा विषय मी तिथंच संपवायचे, आणि त्याला कारण होतं.

तर बारा वाजता कॉलेजमधल्या बाईंनी किल्ली दिली, म्हणजे पासवर्ड दिला, आणि पत्रं निघाली. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली. दहा टक्के, वीस टक्के. मी आप्पांच्या खोलीत जाऊन बोटांवर आकडे दाखवून यायचे. ते अंगठा वर करायचे. तीस, चाळीस. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्या टेबलावरची धूळसुद्धा पुसली, जी मी एरवी मरेस्तोवर पुसत नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी, पट्टी पन्नाशीच्या पुढं असताना, मी शहाणपणा केला. सभासदांचे पत्ते नव्या घरी पोचलेच होते, तेव्हा म्हटलं एक चाचणीचं पत्र टाकून बघू. लिहिलं, 'नव्या सर्व्हरवरून चाचणीचं पत्र. कृपया उत्तर देऊ नये.' आणि पाठवलं.

अर्ध्या मिनिटात पहिलं उत्तर आलं. 'पोचलं.' खाली नाव आप्पांचं. पलीकडच्या खोलीतून.

मग तेलवाले काका. 'पोचलं. नवीन जागेत खिडक्या बऱ्या आहेत का?' बॉबिनबाई. 'पोचलं. काकांना म्हणावं चाचणी आहे, खिडक्या कसल्या विचारता?' मग पोचलं, पोचलं, पोचलं. एकेकाचं पोचलं चारशे बारा जणांना जाणार, आणि त्यावर पुन्हा कुणीतरी पोचलं म्हणणार. मी कपाळावर हात मारून घेतला. जगातल्या कुठल्याही यादीवर असं पत्र टाकलं असतं तर लोकांनी बघून सोडून दिलं असतं. पण एकवीस वर्षं यांना कुणी शिकवलं होतं, उत्तराविना पत्र ठेवायचं नाही म्हणून?

एक चाळीसला पट्टी अडुसष्ट टक्क्यांवर थांबली. लाल अक्षरांत सूचना आली: संशयास्पद वापर, खातं कुलूपबंद.

मी नव्या सर्व्हरच्या मालकाला फोन लावला. आठवडाभर मी मनात त्याला घरमालकच म्हणत होते. आवाज कोरडा, शब्द मोजके.

"बाई, तुमच्या यादीनं वीस मिनिटांत सत्तावन्न हजार मेल पाठवल्यात," तो म्हणाला. "आमच्या यंत्रणेनं आपोआप कुलूप लावलं. उद्या सकाळी तपासणी होईल."

"उद्या? अहो, जुनं घर पाचला पाडतायत! माझं निम्मं सामान अजून तिकडंच आहे."

"मी काय करणार? असं फुकटची जाहिरात करणारेच वागतात. ही माणसं खरी आहेत आणि त्यांनी स्वतःहून तुमच्याकडे पत्रं मागितली आहेत, याचा काही पुरावा आहे का? कुणी कधी लिहून दिलंय?"

मला हसूच फुटलं.

"तुमचं ऑफिस कुठं आहे?" मी विचारलं.

आप्पांकडे सगळं होतं. सभासदाचं पहिलं पत्र आलं की ते छापून घ्यायचे, दोन भोकं पाडायचे आणि शिवणाच्या दोऱ्यानं ओवून ठेवायचे. मी त्यावरून त्यांना किती बोलले होते! कागद कशाला, सगळं कॉम्प्युटरात आहे की. तो गठ्ठा त्यांनी जुन्या मशीनच्या लाकडी झाकणात ठेवला होता, ते घुमटासारखं असतं ना, ते उलटं करून.

मी वहीवर लिहून त्यांना सगळं सांगितलं. शेवटी रागानं लिहिलं, 'तुमच्या पोचलंमुळे झालं. मी लिहिलं होतं, उत्तर देऊ नका.'

"ते वाचलं मी," आप्पा म्हणाले. कान गेल्यापासून त्यांचा आवाज जरा मोठाच येतो. "पण उत्तर दिलं नसतं तर मी वाचलं हे तुला कसं कळलं असतं?"

मी झाकण उचललं. ते आधीच चपला घालून दारात उभे होते.

टॅक्सीत झाकण आमच्या दोघांच्या मांडीवर होतं. उरलेल्या पत्रांना सत्तेचाळीस मिनिटं लागणार, म्हणजे चार वाजून दहा मिनिटांच्या आत कुलूप निघायला हवं, हा हिशेब मी दर सिग्नलला नव्यानं करत होते. आप्पा मात्र खिडकीतून दुकानं बघत होते. कितीतरी महिन्यांनी ते घराबाहेर पडले होते. एका शिंप्याच्या दुकानापाशी त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "त्याच्या मशीनचा पट्टा सैल आहे." धावत्या टॅक्सीतून!

घरमालकाचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन टेबलं, एक बाकडं आणि काचेच्या पार्टिशनमागं कपाटासारखे उभे सर्व्हर. घरमालक पन्नाशीचा, सुकलेला, स्वेटर घातलेला माणूस निघाला. त्या काचेमागच्या गारठ्यात मीही घातला असता. मी त्याच्या टेबलावर झाकण दाणकन ठेवलं.

"हे काय?"

"पुरावा. चारशे बारा. मोजून घ्या."

त्यानं दोरा सैल करून वरचं पत्र उचललं. मग दुसरं. पहिली पाच त्यानं पोलिसासारखी वाचली. सहाव्याला त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते बॉबिनबाईंचं होतं. त्यांनी आपल्या सासूबाईंचं मशीन उघडलं होतं आणि उरलेला स्क्रू ओवून वर्षभर गळ्यात घातला होता, सासूबाई विचारायच्या, हे काय गं नवीन? दहाव्याला तो खुर्चीत मागं टेकला. मी घड्याळाकडे बघत होते. तीन वाजून दहा मिनिटं.

तेवढ्यात आप्पा दिसेनात. बघते तर काचेचं दार ढकलून ते सर्व्हरच्या खोलीत! एका कपाटावर तळवा ठेवून, डोळे मिटून उभे. कान गेल्यापासून ते मशीनचं दुखणं असंच ओळखतात, हातानं.

"ओ आजोबा, तिथं हात लावू नका!" घरमालक उठून धावला.

"याचा खालचा पंखा घासतोय," आप्पा त्याला म्हणाले. "बेअरिंग गेलंय. आठ दिवस चालेल, फार तर."

घरमालकानं माझ्याकडे पाहिलं. "त्यांना ऐकू येतं?"

"काडीचंही नाही."

त्यानं स्वतः कपाटावर हात ठेवून पाहिला. मग खाली वाकून, जाळी काढून बघितलं. उठला तेव्हा त्याच्या बोटाला काळं लागलं होतं आणि चेहरा बदलला होता. त्यानं आप्पांना खुर्ची दिली, स्वतःची. मग माझ्यासमोर एक छापील फॉर्म सरकवला.

"माणसं खरी आहेत, हे पटलं मला. एवढं भरून द्या, कुलूप काढतो."

मी भराभर भरलं. यादी कशाची, कधीपासून, किती जण. शेवटच्या ओळीत होतं: यादी चालवणाऱ्याचा यादीशी संबंध. मी लिहिलं, मुलगी.

त्यानं वाचलं आणि मान हलवली. "हा तुमचा आजोबांशी संबंध झाला. यादीशी काय?"

"मी तिची देखभाल करते."

"मग तुमचं पत्र या गठ्ठ्यात कसं नाही? खातं तुमच्या नावावर आहे. चारशे बारा जणांनी लिहून दिलंय आणि जिच्या नावावर सगळं आहे तिचंच नाही. उद्या तपासणीत पहिला प्रश्न हाच येईल. तोच एक प्रश्न आहे ना, काय उरलं? द्या लिहून."

इतकी वर्षं टाळलेलं पत्र, आणि आता हा उपटसुंभ घड्याळ दाखवून मागतोय! तीन वाजून पस्तीस. खोटं लिहावं असंही मनात येऊन गेलं. एखादा वॉशर उरला म्हणून. पण शेजारी आप्पा बसले होते, आणि समोर चारशे बारा जणांचं खरं.

त्यानं मला कॉम्प्युटर दिला. मी लिहिलं.

'सभासद व्हायची इच्छा आहे. पहिलं मशीन मी नऊ वर्षांची असताना उघडलं. आप्पांचंच, दुकानातलं, गिऱ्हाइकाचं काम चालू असलेलं. ते जेवायला गेले होते. मला फक्त आत काय हलतं ते बघायचं होतं. परत बसवल्यावर एक बारीक स्प्रिंग उरली. मी घाबरून ती कंपासपेटीत लपवली. दुपारी आप्पांनी मशीन चालवलं, दोरा गुंतला, गिऱ्हाईक ओरडून गेलं. आप्पा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्यानंतर मी त्यांच्या कुठल्याच मशीनला हात लावला नाही. मला वाटलं, मी त्यातली नव्हे. स्प्रिंग मी अजून टाकलेली नाही.'

लिहून झालं तेव्हा माझे कान तापले होते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, दवाखान्याचे साठ कॉम्प्युटर सांभाळणारी, आणि एका स्प्रिंगपायी रडकुंडीला आलेली. घरमालकानं पत्र वाचलं आणि आपल्या कॉम्प्युटरच्या कळा दाबल्या. चार वाजून तीन मिनिटांनी कुलूप निघालं.

"मर्यादाही वाढवली आहे," तो म्हणाला. "कितीही पोचलं येऊ देत."

हिरवी पट्टी हलली! एकोणसत्तर. सत्तर. मी बाकड्यावर उडी मारायचीच बाकी ठेवली होती. आप्पांना बोटांवर आकडे दाखवू लागले, त्यांनी दोन्ही अंगठे वर केले. ऐंशीला घरमालकानं चहा मागवला. नव्वदला चहा गार झाला, कुणी प्यायलं नाही. चार एक्कावन्न, शंभर! मी किंचाळले, चष्म्याच्या दुकानातला माणूस जिना चढून विचारायला आला. मी नव्या घरातली पत्रं मोजली, जुन्या घरातली मोजली, आकडा जुळला. कॉलेजमधल्या बाईंना फोन करून म्हटलं, आता खुशाल बंद करा. पाचच्या ठोक्याला जुना पत्ता गेला आणि कुणाला काहीही झालं नाही.

यादीत आता चारशे तेरा नावं होती. कुलूप निघाल्यावर नव्या घरातून यादीवर गेलेलं पहिलं पत्र माझं, स्प्रिंगचं होतं. तेलवाल्या काकांनी लिहिलं, 'पोचलं. स्प्रिंगला तेल लावून ठेव बाळ, गंजेल.' बॉबिनबाईंनी लिहिलं, 'पोचलं. आयुष्यात पहिल्यांदा काकांशी सहमत.' आणि मग धो धो पोचलं.

आप्पा माझ्याशेजारीच बसून फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एका बोटानं काहीतरी लिहायला लागले. दहा मिनिटं लिहीत होते. मला वाटलं, वळून बोलतील, पण नाही. माझ्या हातातला फोन थरथरला. पत्र यादीवर आलं होतं, चारशे तेरा जणांना.

'पोचलं. स्प्रिंग मला दुसऱ्याच दिवशी तुझ्या कंपासपेटीत दिसली. तिथंच राहू दिली, ज्याला जे उरतं ते त्याचं. मशीनला दुसरी बसवली. ओरडलो असतो तर तू घाबरली असतीस, म्हणून बोललो नाही. तू परत उघडशील असं वाटलं होतं. दुकान बंद होईपर्यंत त्या मशीनच्या झाकणाचे स्क्रू मी मुद्दाम सैलच ठेवले होते, तुझ्या हाताला उघडतील एवढे. उरलेलं घरी गेल्यावर बोलू. येताना वही विकत घे, मोठी.'

मी त्यांच्याकडे वळले. ते समोर बघत बसले होते, मांडीवर रिकामं लाकडी झाकण, आणि फोनवाला अंगठा हवेत तयार धरलेला. उत्तराची वाट बघत होते.

मी लिहिलं, 'पोचलं.'